भाचीच्या तळहातांवरच्या खुणा

अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले चार पानी पत्र माझ्यासमोर आहे. पत्रलेखक शेतकरी आहेत. गावात कॅथलिकांची मोजून अकरा घरे आहेत आणि मिस्सेसाठी, म्हणजे सामुदायिक उपासनेसाठी, फादर महिन्यातून दोनदा येतात. लेखकांची विधवा बहीण आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी गेली सहा वर्षे त्यांच्याच घरी राहतात. गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, एका शुक्रवारी या मुलीच्या दोन्ही तळहातांवर लाल खुणा दिसल्या, त्यांतून रक्त आले आणि तेव्हापासून जवळजवळ दर शुक्रवारी तसे घडत आहे. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केले, ते तालुकाभर फिरले आणि आता शेजारच्या गावांतून माणसे येतात. त्यांत हिंदू बाया नारळ घेऊन येतात, कुणी पाया पडते, कुणी पैसे ठेवते. पत्राचा शेवट असा आहे : ‘ताई, हा देवाचा प्रसाद समजावा की आजार? आमच्या पोरीला चर्च संत मानेल का? अंगणात मांडव टाकावा असे मोठे भाऊ म्हणतात. फादर काही बोलत नाहीत, नुसते थांबा म्हणतात.’

भाऊ, सप्रेम नमस्कार.

फादरांचे ‘थांबा’ तुम्हाला टाळाटाळ वाटते, हे पत्राच्या सुरावरून कळते. परंतु या बाबतीत चर्चची आठशे वर्षांची रीत त्या एका शब्दात आली आहे, आणि ती रीत नीट समजली तर अंगणातल्या मांडवाचा प्रश्न आपोआप सुटेल असे मला वाटते. तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. या खुणा कुठून आल्या हा एक, आणि खुणांमुळे मुलगी संत ठरेल का हा दुसरा. चर्च हे दोन प्रश्न कटाक्षाने वेगळे ठेवते. दुसऱ्याचे उत्तर सोपे असल्यामुळे तेथूनच सुरुवात करते : खुणांमुळे कोणी संत ठरत नाही, आजवर ठरलेले नाही.

ख्रिस्ताच्या हातापायांवरच्या आणि कुशीतल्या पाच जखमांसारख्या खुणा एखाद्याच्या शरीरावर उमटल्या तर त्यांना स्टिग्माटा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डागून उमटवलेली खूण असा आहे, आणि संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस, आपण येशूच्या खुणा शरीरावर वागवतो असे म्हणताना तोच शब्द वापरला आहे. इतिहासात ज्यांच्याविषयी अशी ठळक नोंद सापडते अशी पहिली व्यक्ती म्हणजे इटलीतील असिसीचे संत फ्रान्सिस. १२२४ च्या सप्टेंबरात ला वेर्ना या डोंगरावर उपवास आणि प्रार्थना करीत असताना त्यांच्या अंगावर या खुणा उमटल्या, आणि १२२६ मध्ये मृत्यू येईपर्यंतची दोन वर्षे त्यांनी त्या लपवण्यात घालवली. हात बाह्यांत ओढून घ्यायचे, पाय झाकून ठेवायचे. कुशीतली जखम जवळच्या एकदोघा संन्यासी बंधूंनाच, तीही अवचित, कळली. गावोगाव मिळून हजारो माणसे त्यांना ओळखत होती, तरीही बहुतेकांना या खुणांचा पत्ता त्यांच्या मृत्यूनंतरच लागला. पुढे दीडशे वर्षांनी सिएनाच्या संत कॅथरीनला १३७५ मध्ये पिसा शहरात असाच अनुभव आला, तेव्हा तिने खुणा बाहेर दिसू नयेत अशीच प्रार्थना केली आणि तिच्या हयातीत त्या कोणाला दिसल्या नाहीत. एवढे वाचून तुमच्या अंगणातला मांडव आठवला, तर मी काय म्हणते आहे ते तुम्हाला कळले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँत्वान इम्बेर-गुर्बेयर या फ्रेंच डॉक्टरांनी अशा खुणांच्या ३२१ व्यक्तींची यादी छापली. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, आणि वेदीवर जाऊन पोहोचलेल्यांची, म्हणजे चर्चने संत किंवा धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलेल्यांची, संख्या फार थोडी. बाकीच्यांविषयी चर्चने कधी हो म्हटले नाही आणि बहुतेकांविषयी नाही असेही म्हटले नाही. हे ‘काहीच न म्हणणे’ तुमच्याही वाट्याला येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

आता एका मुलीची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण ती तुमच्या भाचीच्या वयाची होती. इटलीतील लुक्का गावची जेम्मा गालगानी. आईवडील दोघेही गेलेले, घर कर्जात बुडालेले, स्वतः पाठीच्या दुखण्यातून नुकतीच उठलेली. १८९९ च्या जून महिन्यात तिच्या अंगावर खुणा उमटल्या, आणि त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी त्या उघडत आणि शुक्रवारी मिटत. तिचे पापनिवेदन ऐकणारे मोन्सिन्योर वोल्पी हे लुक्काचे साहाय्यक बिशप होते. तिच्यावर त्यांचा लोभ होता, पण डोळे मिटून विश्वास ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका डॉक्टरांना तपासायला पाठवले. डॉक्टरांनी ओल्या कापडाने हातावरचे रक्त पुसले, तो खाली कातडी अखंड निघाली. हा उन्मादाचा प्रकार आहे, असे मत देऊन डॉक्टर परतले. गावात हसे झाले. ज्या घराने तिला आसरा दिला होता तेथील माणसे खुणा खऱ्या आहेत असे शपथेवर सांगत राहिली. पुढे तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी, बाहेर दिसणाऱ्या या गोष्टी थांबाव्यात म्हणून प्रार्थना कर अशी आज्ञा केली. तिने ती मानली आणि खुणा थांबल्या. १९०३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती क्षयाने वारली.

आणि १९४० मध्ये पोप बारावे पायस यांनी तिला संत घोषित केले. येथेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, भाऊ. डॉक्टरांना ज्या हातावर जखम सापडली नाही, त्या हाताची मुलगी संत कशी झाली? तिच्या सद्गुणांवर निर्णय देताना रोमने, म्हणजे पोपच्या कारभाराने, स्पष्ट लिहिले की, तिच्या बाबतीत सांगितल्या जाणाऱ्या असाधारण गोष्टींवर या निर्णयाने कोणतेही मत दिलेले नाही. म्हणजे तिची नम्रता, तिने सोसलेले दुःख, तिची प्रार्थना आणि तिचे आज्ञापालन हे तपासले गेले. रक्त बाजूला ठेवले गेले. त्यापुढे संतपदासाठी जे चमत्कार लागतात तेही मृत्यूनंतर, त्या व्यक्तीच्या मध्यस्थीने घडलेले असावे लागतात. हयातीत अंगावर उमटलेली खूण त्या हिशेबात धरली जात नाही. जर्मनीतील आन्ना काथारिना एमरिकला २००४ मध्ये धन्यवादित घोषित केले तेव्हाही तिच्या जखमा आणि तिच्या नावावर छापलेले दर्शनांचे ग्रंथ यांच्यावर तो निर्णय उभा नव्हता. ते ग्रंथ एका कवीने लिहून काढलेले असल्याने त्यांत तिचे किती आणि त्याचे किती हे ठरवता येत नाही, म्हणून ते सरळ वगळले गेले.

इटलीतील मठवासी धर्मगुरू पाद्रे पिओ यांचे नाव तुम्ही पत्रात घेतले आहे, त्यांचे चित्र तुमच्या देवघरात आहे असेही लिहिले आहे. त्या चित्रात त्यांच्या हातात अर्धे मोजे दिसतात ना? ते खुणा झाकण्यासाठी होते. २० सप्टेंबर १९१८ रोजी सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात त्यांच्या हातांपायांवर आणि कुशीत जखमा उघडल्या, आणि महिनाभराने आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी, वेदना राहू देत पण ही दिसणारी चिन्हे देवाने काढून घ्यावीत, अशी विनवणी केली, कारण त्यांना त्या चिन्हांची लाज वाटत होती. १९१९ पासून डॉक्टर येऊ लागले. एकाचे म्हणणे जखमा नैसर्गिक कारणाने समजावता येत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे मज्जासंस्थेच्या विकाराने झालेल्या आणि वर आयोडीन लावल्याने टिकलेल्या. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी जखमांना पट्ट्या बांधून त्यांवर मोहोर लावण्याची व्यवस्था केली होती. एका तरुणीकरवी त्यांनी औषधाच्या दुकानातून कार्बोलिक ॲसिड मागवल्याचे कागदही रोमच्या दप्तरात आहेत. टीकाकार त्यावर बोट ठेवतात आणि समर्थक म्हणतात की ते इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करण्यासाठी होते. १९२१ मध्ये रोमने पाठवलेले बिशप रोस्सी यांचे मत अनुकूल पडले. तरीही १९२३ मध्ये रोमने जाहीर केले की यांत अलौकिक काही असल्याचे सिद्ध होत नाही. १९३१ ते १९३३ या काळात तर त्यांना लोकांसमोर मिस्सा अर्पण करण्यास आणि पापनिवेदन ऐकण्यास बंदी होती. त्या दोन वर्षांत त्यांनी मठाच्या आतल्या छोट्या चॅपेलमध्ये एकट्याने मिस्सा अर्पण केली आणि बाहेर एक शब्द काढला नाही.

लोकांना पाद्रे पिओंचे रक्त आठवते. मला विचाराल तर संतपदाचा त्यांचा खरा पुरावा या दोन वर्षांत आहे. त्याच माणसाने पुढे १९५६ मध्ये त्या ओसाड डोंगरगावात गोरगरिबांसाठी मोठे रुग्णालय उभे करून दाखवले. १९६८ मध्ये ते वारले तेव्हा हातांवर व्रणही शिल्लक नव्हता. १९९९ मध्ये धन्यवादित, २००२ मध्ये संत. खुणा उमटल्यापासून मोजले तर चौऱ्याऐंशी वर्षे झाली. फादरांच्या ‘थांबा’मध्ये घाई नसण्याचे कारण यावरून लक्षात यावे.

चर्च इतके जपून का वागते, याचेही कारण आहे. लिस्बन शहरात सोळाव्या शतकात मारिया नावाची एक मठाध्यक्षा होती, तिच्या हातांवरच्या जखमा पाहायला राजघराण्यातली माणसे येत असत, आणि त्या काळातील एका विद्वान धर्मोपदेशकाने तिच्या बाजूने लिहून ठेवले होते. १५८८ मध्ये चर्चच्या चौकशी अधिकाऱ्यांनी साबण आणि पाणी मागवून तिचे हात धुतले. जखमा रंगाच्या होत्या, रंग वाहून गेला. तिच्या आधी स्पेनमध्ये, कोर्दोबाची माग्दालेना दे ला क्रुस हिने दशकानुदशके लोकांना, राणीलाही, भुलवले होते. १५४३ मध्ये जिवावरच्या दुखण्यात तिने स्वतःच सारे कबूल केले. दोघीही गुन्हेगार वृत्तीच्या होत्या असे मला वाटत नाही. एकदा माणसे पाया पडू लागली की मागे फिरायची वाट बंद होते, आणि मग पुढच्या शुक्रवारी काहीतरी दिसावे लागते. तुमच्या भाचीसाठी मला सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

सध्याचे नियम १७ मे २०२४ रोजी रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने जाहीर केले. त्याआधी १९७८ चे नियम होते. दर्शने, संदेश, मूर्तींतून येणारे अश्रू यांबरोबरच शरीरावर आणि मनावर घडणाऱ्या अशा गोष्टीही त्यांत येतात. चौकशीचा अधिकार त्या धर्मप्रांताच्या बिशपांचा, म्हणजे तुमच्या बाबतीत अमरावतीच्या बिशपांचा. प्रकरण गंभीर वाटले तर ते एक मंडळ नेमतात, ज्यात निदान एक ईशज्ञानाचा अभ्यासक, एक चर्चच्या कायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपाप्रमाणे एक तज्ज्ञ, येथे अर्थात डॉक्टर, असावा लागतो. साक्षी घेतल्या जातात, वस्तू तपासल्या जातात, शेवटी बिशप आपले मत रोमला पाठवतात आणि रोमच्या संमतीनेच निर्णय जाहीर होतो. निर्णयाच्या सहा पायऱ्या आहेत. सर्वांत अनुकूल पायरी असली तरी तिचा अर्थ ‘हरकत नाही’ एवढाच असतो, आणि सर्वांत प्रतिकूल म्हणजे ‘हे अलौकिक नाही’ अशी घोषणा. ‘हे देवाकडूनच आहे’ असे बिशपांनी जाहीर करावे अशी तरतूद आता राहिलेली नाही. अपवाद म्हणून फक्त पोप तसे करू शकतात. आणि हरकत नाही म्हटले तरी कोणत्याही कॅथलिकावर ते मानण्याचे बंधन येत नाही.

मंडळ पाहते काय? ती व्यक्ती प्रामाणिक आहे का, तिची मानसिक अवस्था कशी आहे, ती जे बोलते ते श्रद्धेला धरून आहे का, आसपासच्या माणसांत खरी भक्ती आणि प्रेम वाढले का, की भांडणे आणि गट पडले. आणि नियमांत जे प्रतिकूल म्हणून स्पष्ट लिहिले आहे त्यात पैसा, सत्ता, प्रसिद्धी यांचा शोधही येतो. तुम्ही प्रांजळपणे लिहिले आहे की दोन शुक्रवारी मिळून सात हजार रुपये जमले आणि त्यांतून विहिरीवरच्या मोटरपंपाचे थकलेले बिल भरले. तुमची नड मला कळते. सोयाबीनने दगा दिलेल्या वर्षी समोर ठेवलेली नोट परत करायला छाती लागते. पण उद्या बिशपांचे मंडळ आले तर त्या सात हजारांची नोंद भाचीच्या नावावर होईल, जिने त्यातला एक रुपयाही पाहिलेला नाही.

आपल्याच देशातले एक उदाहरण घ्या. केरळमधील पुथेनचिरा गावची मरियम त्रेसिया हिच्या अंगावरही अशा खुणा उमटत, आणि ती त्या काळजीपूर्वक झाकून ठेवी. तिच्या बिशपांना हा सैतानाचा खेळ असावा असा संशय आला आणि १९०२ पासून तीन वर्षे त्यांनी एका फादरांना तिच्यावर भूतनिवारणाच्या प्रार्थना करायला लावले. गावासमोर केवढी मानहानी! तिने ती सोसली. दरम्यान ती महारोगी आणि देवीच्या साथीतल्या रोग्यांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करीत होती, दारुड्यांच्या घरांतली भांडणे मिटवीत होती, आणि १९१४ मध्ये तिने कुटुंबांच्या सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ काढला. २०१९ मध्ये ती संत झाली ती त्या कामामुळे. तिच्या मृत्यूचे कारणही ऐकून ठेवा. १९२६ मध्ये एक जड वस्तू पडून तिच्या पायाला साधी जखम झाली, मधुमेहामुळे ती बरी झाली नाही आणि त्यातच ती गेली. संतांच्या अंगावरच्या जखमेलाही डॉक्टर लागतो, भाऊ.

म्हणून आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. तुमची चार पाने मी तीनदा वाचली. त्यांत मोठ्या भावांचे मत आहे, वहिनींचे आहे, पलीकडच्या गावच्या भगताचेही आहे, जो म्हणतो की पोरीच्या अंगात येते. तुमची भाची स्वतः काय म्हणते, हे चार पानांत एकदाही आलेले नाही. तिला दुखते का? तिला हे आवडते की भीती वाटते? खुणा येण्याआधीच्या रात्री ती झोपते का? दुसरी एक ओळ तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात : जानेवारीत स्थळ आले होते, सगळ्यांना पसंत होते, ती काही बोलली नाही. उपवासकाळ फेब्रुवारीत सुरू झाला. या दोन गोष्टींचा संबंध आहेच असे मी म्हणत नाही. पण ज्या घरात वडील नाहीत, जिथे आई भावाच्या आश्रयाने राहते, तिथे एकोणीस वर्षांची मुलगी नाही म्हणण्यासाठी तोंड कुठून आणणार? त्वचेच्या डॉक्टरांना अशा तरुण मुली माहीत असतात, ज्यांच्या अंगावर मनातल्या कोंडीच्या काळात स्वतःच्याच हातून जखमा होतात आणि पुष्कळदा ते त्यांना आठवतही नाही. याला ढोंग म्हणणे अन्याय आहे. तसे काही निघाले तर तिला रागवू नका, घरातल्या कोणालाही रागवू देऊ नका.

कारण साधेही असू शकते. माझी आई कापूस वेचायला जायची. उघडलेल्या बोंडाची वाळलेली टोके बोटांना आणि नखांच्या कडांना इतकी बोचत की दिवाळीनंतर तिच्या हातांना पाणी लागले तरी ती ओठ चावायची, आणि रात्री खोबरेल तेल लावून हात उशाशी उताणे ठेवून झोपायची. तुमच्या भाचीच्या खुणा तळहाताच्या मध्यभागी आहेत, वेचणीचे ओरखडे तेथे येत नाहीत, हे मलाही समजते. परंतु फवारणीचे औषध, खतांचा हात, त्वचेचा संसर्ग, रक्त गोठण्यातला दोष ही सारी दारे डॉक्टरांनी एकेक करून बंद करायला हवीत, आणि ते काम भगताचे नाही, फादरांचे नाही, माझेही नाही. अमरावतीला जिल्हा रुग्णालयात आधी त्वचारोग विभागात दाखवा, रक्ताच्या तपासण्या करून घ्या, आणि तेथेच मानसिक आरोग्य विभाग असतो तिथेही तिला नेताना संकोच करू नका. लगेच जाणे जमत नसेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य सल्लासेवेचा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येते. जखमेला पट्टी बांधून वर कुलूप लावण्याचे प्रयोग मात्र घरी करू नका. वर सांगितलेल्या पट्ट्या डॉक्टरांनी बांधल्या होत्या. घरात तसे केले तर ती पोलिसी झडती होईल आणि मुलगी कायमची मिटून जाईल.

तपासाला नकार देण्याचा सल्ला कोणी दिला तर जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील तेरेसा नॉयमानची गोष्ट त्यांना सांगा. १९२६ पासून तिच्या अंगावर खुणा दिसत होत्या, १९२७ मध्ये चार धर्मभगिनींनी पंधरा दिवस तिच्यावर रात्रंदिवस पाळत ठेवली, पण पुढे बिशपांनी रुग्णालयात तपासणी व्हावी असे सुचवले तेव्हा तिच्या वडिलांनी साफ नाकारले. ती १९६२ मध्ये वारली आणि तिच्याविषयीचा संशय आणि भक्ती दोन्ही आजपर्यंत तशीच लोंबकळत आहेत.

मांडव टाकू नका. येत्या शुक्रवारी दार बंद ठेवा आणि येणाऱ्यांना, मुलगी आजारी आहे, तिच्यासाठी आपापल्या घरी प्रार्थना करा, एवढेच सांगा. नारळ आणणाऱ्या बायांना तो परत देताना पाणी पाजून, गोड बोलून परत पाठवा, त्या श्रद्धेनेच आलेल्या आहेत. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात माणसांना हे समजावून सांगणे अगदीच अवघड नाही. मोठ्या भावांना ते पटत नसेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यांना ऐकवा : तथाकथित चमत्काराचे प्रदर्शन करून पैसा मिळवणे हा त्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा धर्म पाहून लागत नाही. चित्रण ज्याने काढले त्याला ते पुसायला सांगा. फिरलेले परत येणार नाही, पण नवे निघू नये. सात हजार रुपये हाती आले की फादरांकडे जमा करून पावती घ्या. एकदम जमणार नसतील तर तसे त्यांना सांगून हप्ते ठरवा.

आणि फादरांना तोंडी विचारत बसण्यापेक्षा लिहून द्या. कोणत्या तारखेला काय दिसले, तेव्हा खोलीत कोण होते, त्याआधी ती काय करीत होती, डॉक्टर काय म्हणाले, पैसे किती आले, हे साध्या भाषेत, आपले मत न घालता लिहा आणि त्याखाली तुमच्या बहिणीची सही घ्या. भाची सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय हा कागद पुढे जाऊ नये. फादर तो बिशपांकडे पोहोचवतील. त्यानंतर कदाचित वर्षभर काहीच कळणार नाही, कदाचित खुणा आपोआप थांबतील आणि सगळेच त्या विसरतील. तसे झाले तर ते वाईट झाले असे समजू नका. अविलाच्या संत तेरेझाला स्वतःला दर्शने होत असत, तरी मठातल्या एखाद्या अशक्त भगिनीला असे काही दिसू लागले की ती तिचे उपवास कमी करून तिला जास्त जेवू आणि झोपू द्यायला सांगत असे. तुमच्या भाचीचे शुक्रवारचे कडक उपवास तूर्त बंद करा. जानेवारीच्या स्थळाचा विषयही कोणी काढू नका. तो तिने काढला तर ऐकून घ्या.

तुम्ही पत्रासोबत तिच्या हातांचे दोन फोटो पाठवले होते. ते मी कोणाला दाखवलेले नाहीत आणि या पत्रासोबत बंद पाकिटात परत पाठवत आहे. डॉक्टरांच्या कागदांत ठेवा, आणि पाकीट तिच्याच हातात द्या.